‘तू ज्यू आहेस का?’

‘तू ज्यू आहेस का?’ दहा वर्षांच्या जोसेफला त्याचे वडील विचारतात. तो ‘नाही’ म्हणतो आणि त्याच्या गालावर सणसणीत चपराक बसते. वडील पुन्हा तेच विचारतात, कारण मार खाऊनही हे उत्तर बदलले नाही, तरच पोरगा वाचेल, हे त्यांना ठाऊक आहे. ख्रिस्तियान दुगे यांच्या २०१७ च्या ‘अ बॅग ऑफ मार्बल्स’ या फ्रेंच चित्रपटातील हा प्रसंग जोसेफ जोफो यांच्या स्वतःच्या बालपणातला असून १९७३ साली त्यांनी तो पुस्तकात लिहिला.

वडिलांचे पॅरिसमध्ये केस कापण्याचे दुकान होते. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये ७ जून १९४२ पासून सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूला कपड्यांवर पिवळा तारा शिवून घेणे सक्तीचे झाले. जोसेफच्या वर्गमित्राला त्या ताऱ्याचे अप्रूप वाटते आणि तो बदल्यात गोट्यांची आख्खी पिशवी देऊ करतो. जोसेफ तारा देऊन टाकतो. त्याच वर्षी १६ आणि १७ जुलैला पॅरिसमध्ये तेरा हजारांहून अधिक ज्यू पकडले गेले आणि त्यांत चार हजारांवर मुले होती. पकडणारे पोलीस फ्रेंचच होते, हे विसरून चालणार नाही.

जोसेफ आणि त्याचा थोरला भाऊ मोरिस यांना घरातून एकटेच दक्षिणेकडे पाठवले जाते. दाक्स स्थानकावर कागदपत्रांची तपासणी सुरू होते, तेव्हा गाडीतला एक अनोळखी पाद्री ‘ही मुले माझ्यासोबत आहेत’ एवढेच म्हणतो आणि दोघे सुटतात. पुढे ते पोहोचतात त्या दक्षिण फ्रान्समधल्या नीसचा समुद्र पडद्यावर जरा जास्तच देखणा दिसतो, असे मला वाटते. पण इटालियन अमलाखालील त्या शहरात ज्यूंना खरोखरच काही काळ मोकळा श्वास घेता आला होता. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करताच जर्मन तेथे आले, एक्सेलसियर हॉटेलात चौकशीचे ठाणे उभे राहिले आणि दोन्ही भाऊ पकडले जाऊन तेथे पोहोचले.

त्याच नीसमध्ये सिरियात जन्मलेले मूसा अबादी, डॉक्टर ओदेत रोझनस्टॉक आणि बिशप पॉल रेमों यांनी ५२७ ज्यू मुले लपवून वाचवली. खोट्या कागदपत्रांइतकेच अवघड काम होते ते मुलांकडून नवे नाव घोकून घेण्याचे, म्हणजे झोपेतून उठवले तरी जुने नाव तोंडून निघता कामा नये. जोफोंच्या घरातली ती चपराक याच शिक्षणाचा भाग होती.

पुढे जोसेफ रुमिली गावात एका पुस्तकविक्रेत्याकडे काम करतो. हा माणूस फ्रान्समधल्या नाझीधार्जिण्या विशी सरकारचा कट्टर समर्थक असतो आणि आपल्या घरात कोण वावरतो आहे, याची त्याला कल्पनाही नसते. गाव मुक्त होते, जमाव त्याला मारायला धावतो आणि जोसेफ मध्ये पडून ओरडतो, की यांनी मला आसरा दिला, मी ज्यू आहे.

पॅरिसला परतल्यावर दुकानात त्याला घरची माणसे भेटतात. वडील आउशवित्झच्या नाझी छळछावणीत नेले गेले होते. ते परत आले नाहीत.