आर्गन कुणाशीच का जुळत नाही?

(दृश्य : हिंगणा एमआयडीसीतलं फॅब्रिकेशनचं शेड. टॉर्चचं टोक, अगदी जवळून.)

नागपुरात हिंगणा एमआयडीसीच्या शेडमध्ये स्टेनलेस स्टीलची टाकी जोडायची असली, की आर्गन वेल्डिंग लागतं. टॉर्चच्या टोकाला टंगस्टनची बारीक सळई, तिच्याभोवती सिरॅमिकचा कप. कपातून आर्गन गॅस सुटतो, आर्क म्हणजे विजेची सलग ठिणगी पेटते आणि पत्र्याच्या कडा वितळून एकजीव होतात.

आता नीट बघा. आर्क विझला, तरी कारागिराने टॉर्च जागचा हलवलेला नाही. शेजारच्या शिकाऊ पोराला तो सांगतो, "हात उचलू नको बे इतक्यात, गॅस चालू राहू दे." जोड लालबुंद आहे तोवर त्याला हवा लागता कामा नये. लागली, तर ऑक्सिजन स्टीलमधल्या लोखंडाला आणि क्रोमियमला भिडतो आणि जोड काळा पडतो. टंगस्टनचं टोकही खराब होतं. आर्गनच्या झोताखाली थंड झालेला जोड मात्र लखलखीत निघतो.

वितळलेल्या धातूला खेटूनही हा वायू तिच्याशी संयोग पावत नाही. शाळेत याचं उत्तर एका ओळीत मिळतं : बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन, अष्टक पूर्ण, म्हणून स्थिर. उत्तर बरोबरच आहे. पण अष्टक पूर्ण झाल्याने नेमकं काय होतं, ते या ओळीत नाही.

(दृश्य : अ‍ॅनिमेशन. निऑन आणि सोडियम शेजारी शेजारी.)

निऑन हाही आर्गनसारखाच कुणाशी न जुळणारा वायू. त्याच्या केंद्रकात १० प्रोटॉन. इलेक्ट्रॉन आतल्या कवचात दोन, बाहेरच्यात आठ. हे आठही केंद्रकापासून साधारण सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे ते एकमेकांच्या फारसे आड येत नाहीत. केंद्रकाची ओढ प्रत्येकाला जोरात जाणवते. त्यातला एक उपटायला २१.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा लागते.

पुढचा सोडियम. अकराव्या इलेक्ट्रॉनला दुसऱ्या कवचात जागाच उरलेली नाही. तो तिसऱ्यात, लांब जाऊन बसतो, आणि आतले दहा इलेक्ट्रॉन त्याच्या आणि केंद्रकाच्या मध्ये येतात. तो काढायला ५.१ पुरतात. त्याच्या आतला, म्हणजे दुसरा इलेक्ट्रॉन काढू गेलं तर एकदम ४७.३!

निऑनचा इलेक्ट्रॉन सहजी सुटत नाही, ते यामुळे. बाहेरून नवा आला, तर त्यालाही तिसऱ्या कवचातच बसावं लागेल, आणि तिथे त्याला धरून ठेवण्याइतकी ओढ उरत नाही. देणं महाग, घेणं अशक्य. स्थिरता म्हणतात ती हीच.

अणूला आठ इलेक्ट्रॉन 'हवे असतात', असं आपण मुलांना सांगतो. माझ्या मते हे सांगणं सोडायला हवं. सोडियम आपला इलेक्ट्रॉन खुशीने देत नाही. त्याला ५.१ खर्च येतो, क्लोरिनने तो घेतल्यावर ३.६ परत मिळतात. व्यवहार तोट्यातच. तो तोटा भरून काढते ती दोन विरुद्ध भारांच्या आयनांमधली (विद्युतभार आलेल्या अणूंमधली) ओढ, आणि ती भरून काढून वर पुष्कळ उरते. म्हणून मीठ तयार होतं. आठ हा त्या हिशेबातून निघालेला आकडा आहे.

आर्गनमध्ये तर तिसरं कवच 'पूर्ण' भरलेलंही नसतं. त्यात १८ इलेक्ट्रॉन मावतात, आर्गनकडे आठ आहेत. पण उरलेल्या दहा जागा ऊर्जेच्या दृष्टीने फार वरच्या आहेत, आणि चौथं कवचही तितकंच दूर. इलेक्ट्रॉनला जाण्याजोगी स्वस्त जागा जवळपास नाही.

(दृश्य : पुन्हा आर्क, काळ्या काचेतून.)

या आर्कमध्ये आर्गनचे इलेक्ट्रॉन सुटतातही. प्रत्येक अणूमागे १५.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट मोजून. म्हणूनच गॅसमधून वीज वाहते. पण थंड होता होता तो इलेक्ट्रॉन परत घेतो आणि पुन्हा होता तसा आर्गन होतो.

हवेत तो एक टक्क्याच्या जरा खाली आहे. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे नऊ घनफूट! तरीही रॅले आणि रॅमझी या शास्त्रज्ञांना तो सापडायला १८९४ साल उजाडलं. हवेतून काढलेला नायट्रोजन रसायनांपासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरत होता, त्यावरून माग लागला. पुढे १९१६ मध्ये लुईस आणि कोसेल या शास्त्रज्ञांनी या निष्क्रिय वायूंच्याच आधाराने रासायनिक बंधांचं कोडं सोडवायला घेतलं.

हा किल्ला अभेद्य मात्र नाही. याच कुटुंबातल्या झेनॉन वायूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून बरेच लांब, त्यामुळे त्यांच्यावरची पकड सैल. रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांच्या प्रयोगात प्लॅटिनम हेक्साफ्लोराइडने ऑक्सिजनच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतला होता. झेनॉनचा इलेक्ट्रॉन सोडवायलाही जवळपास तेवढीच ऊर्जा लागते, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९६२ मध्ये त्यांनी झेनॉन आणि प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड एकत्र आणले आणि झेनॉनचं संयुग हाती आलं. आर्गनला मात्र हायड्रोजन आणि फ्लोरिनशी बांधता आलं ते २००० साली, फिनलंडमधल्या हेलसिंकीत, तेही निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य त्या सर्वांत कमी तापमानाच्या, जवळपासच्या थंडीत.