किती मिली देऊ?

(दृश्य : नागपूरच्या सक्करदऱ्यातलं औषधांचं दुकान, संध्याकाळची गर्दी. कॅमेरा काउंटरवरच्या तीन बाटल्यांवर.)

तिन्ही बाटल्यांत औषध एकच आहे, पॅरासिटामॉल. ताप उतरवणारं, दुखणं कमी करणारं, चिठ्ठीशिवाय मिळणारं. आता लेबल जवळून बघा. ड्रॉपर लावलेल्या छोट्या बाटलीवर बारीक अक्षरांत छापलंय : १ मिलीत १०० मिलिग्रॅम. मधल्या बाटलीवर : ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम. तिसरीवर : ५ मिलीत २५० मिलिग्रॅम.

म्हणजे प्रत्येकीतून १ मिली काढलं, तर पहिलीतून बाळाच्या पोटात १०० मिलिग्रॅम जातं, दुसरीतून २५ आणि तिसरीतून ५०.

घरी आपण तिन्हींना ‘तापाचं औषध’ म्हणतो. आणि दुकानात घाईघाईत विचारतो, “भाऊ, किती मिली देऊ?” बाटली कोणती आणि बाळाचं वजन किती, हे कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. नुसतं “सहा महिन्यांचं आहे” एवढं पुरत नाही. सहा महिन्यांचं एक बाळ साडेपाच किलोचं असतं, दुसरं आठ किलोचं.

हिशेब असा. एका वेळी, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. बाळ ६ किलोचं असेल तर ६० ते ९० मिलिग्रॅम. छोट्या बाटलीतले थेंब असतील तर ०.६ ते ०.९ मिली, म्हणजे पुरतं एक मिलीही नाही. १२५ वालं सिरप असेल तर साधारण अडीच ते साडेतीन मिली.

(दृश्य : ओट्यावर ड्रॉपर, औषधाचं झाकण, चहाचा चमचा.)

गडबड होते ती इथे. मोठ्या भावाच्या वेळचं ‘तीन मिली’ आजीच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते सिरपचं माप होतं. या वेळी दुकानातून आले थेंब. तेच तीन मिली थेंबांच्या बाटलीतून दिले, तर ६ किलोच्या बाळाला एकाच वेळी ३०० मिलिग्रॅम जातात, जास्तीत जास्त मात्रेच्या तिपटीहून अधिक. उलटंही घडतं. थेंबांचं माप सिरपला लावलं की औषध अगदीच कमी पडतं, ताप हलत नाही, आणि घाबरलेली आई तासाभरात पुन्हा देते. अमेरिकेतल्या लेकीने पाठवलेली बाटली घरात असेल तर तिचं माप आणखी वेगळं, ५ मिलीत १६० मिलिग्रॅम. शिवाय तिच्यावर पॅरासिटामॉल असं लिहिलेलंच नसतं, अ‍ॅसिटामिनोफेन लिहिलेलं असतं. औषध तेच.

चहाच्या चमच्याने औषध मोजू नका. एका घरातला चमचा तीन मिलीचा, दुसऱ्या घरातला सहाचा. ज्या बाटलीचा ड्रॉपर, त्याच बाटलीला. नाहीतर दुकानातून बिनसुईची सिरिंज मागून घ्या. बाटली आधी नीट हलवा. औषध तळाशी बसतं.

वजन शोधायला लांब जायचं नाही. लसीकरणाच्या कार्डावर नर्सबाईंनी किंवा अंगणवाडीताईंनी ते लिहिलेलं असतं. महिना-दीड महिना जुना आकडा असेल तर पुन्हा वजन करून घ्या. या वयात बाळ भराभर वाढतं.

दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लशीनंतर ताप येतो, तेव्हा काही घरांत मोठ्यांच्या गोळीचा पाव तुकडा चुरून देतात. ५०० ची गोळी असेल तर पाव म्हणजे १२५ मिलिग्रॅम, तीही हाताने तोडलेली, कधी कमी कधी जास्त. साडेचार किलोच्या बाळाला ६७ च्या पुढे जायचं नसतं. लस घेतली त्याच ठिकाणी, त्या दिवशीच्या वजनावर, किती मिली आणि किती वेळा हे कार्डावर लिहूनच घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दोन डोसांत निदान चार ते सहा तास जाऊ द्या, चोवीस तासांत चारच वेळा. एकत्र कुटुंबात रात्री बाराला आजी औषध देते आणि दोनला आई. दोघींचीही माया खरी. म्हणून डोसाची वेळ फ्रिजवर लिहा, सगळ्यांना दिसेल अशी.

सर्दीच्या सिरपकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची लेकरं नागपूरच्या रुग्णालयांत आली, ते या शहराने पाहिलं आहे. त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ या सर्दीच्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं. तिथे प्रश्न मात्रेचा नव्हता, औषधच दूषित होतं. पण तशा प्रकारच्या सर्दीच्या मिश्रणांत पॅरासिटामॉलही असतं. तापाचं वेगळं आणि सर्दीचं वेगळं दिलं, की बाळाला तेच औषध दोनदा जातं. त्यातलं क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच बजावलं होतं.

तापावरच्या दुसऱ्या औषधांचंही ऐका. आयब्युप्रोफेन सहा महिन्यांच्या आत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. अ‍ॅस्पिरिन मुलांना नाहीच. निमेसुलाइडवर बारा वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे.

(दृश्य : मे महिन्यातली दुपार, कूलरची खोली.)

आपल्या नागपूरचा उन्हाळा वेगळाच. पारा ४५ च्या वर, आणि बाळ दुपट्यात गच्च गुंडाळलेलं. उन्हाने तापलेलं अंग पॅरासिटामॉलने उतरत नाही. आधी दुपटं सोडा, बाळाला गार खोलीत घ्या, अंगावर पाजा, मग काखेत थर्मामीटर लावा. कपाळावर हात ठेवून ताप कळत नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर घरी औषध देत बसू नका, थेट डॉक्टरांकडे. बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडलं असेल, झटका आला असेल, तर वय कितीही असो, वाट पाहू नका.

आणि औषध जास्त गेलंच असेल तर? बाळ हसतंय, खेळतंय म्हणून निवांत राहू नका. पॅरासिटामॉलचा मारा यकृतावर होतो, आणि पहिल्या दिवशी वरून काहीच दिसत नाही. दिसायला लागतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. उतारा आहे, एन-असिटिलसिस्टीन नावाचा, पण तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सगळ्यात चांगला. उलटी करवू नका. १०८ ला फोन लावा, किंवा मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथे लगेच निघा. जाताना बाटली आणि ड्रॉपर दोन्ही सोबत न्या. किती वाजता, किती मिली दिलं ते खरं खरं सांगा. तिथे कोणी रागावलं तरी चालेल, आकडा लपवू नका. उपचार त्याच आकड्यावर ठरतो.