मुंबई बंदराची एक दिवसाची चक्कर: पहाटे ससून डॉक, संध्याकाळी भाऊचा धक्का

(दृश्य: अंधार, पाण्यावर हलणारे बोटींचे दिवे)

पहाटेचे पाच वाजलेत, आपण कुलाब्याला आहोत. मुंबई बघायला आलेले लोक आत्ता झोपलेत, उठले की मरीन ड्राइव्हला जातील, सेल्फी काढतील, जाऊ दे. पण मुंबई ज्या पाण्यावर मोठी झाली ते पाणी तिकडचं नाहीच, ते हे पूर्वेकडचं, बंदराचं. आज दिवसभर ह्याच कडेकडेने फिरायचंय.

हे दगडी गेट, वर घड्याळ. ससून डॉक. आत येताना चप्पल घालून येऊ नका, पांढरे बूट तर नकोच, खाली सगळीकडे बर्फाचं आणि मासळीचं पाणी असतं.

आता ही रांग बघा. बोट धक्क्याला लागली, खलाशी खालून मासळीची पाटी फेकतो, मधला झेलतो, तो वरच्याला फेकतो, वरचा न बघता मागे सरकवतो आणि हात परत पुढे. कोणी ओरडत नाही, कोणी मोजत पण नाही, पण एकही पाटी पाण्यात गेलेली आम्हाला दोन तासांत दिसली नाही. पाट्या रिकाम्या झाल्या की तिथेच जमिनीवर ढीग लागतात, पापलेट वेगळं, सुरमई वेगळी, बांगडा, मांदेली, बोंबील, माकुल, आणि ढिगाभोवती माणसं गोळा झाली की लिलाव सुरू. लिलाव म्हणजे हातोडा वगैरे काही नाही, निम्मी मराठी निम्मी हिंदी, आकडा वर वर जातो, कोणीतरी मान हलवतं आणि माल उचलला जातो, आपल्याला कळेपर्यंत पुढचा ढीग विकायला आलेला असतो.

(दृश्य: जवळून, कोळंबी सोलणारे हात)

हा शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय. एक चिमटा डोक्याला, एक शेपटीला, साल बाजूला, कोळंबी टबात. बर्फातली कोळंबी असते, बोटं बधीर होतात, तरी हात थांबत नाही. मावशींनी कॅमेरा बघून आधी विचारलं की काही घेणार आहात का, मग म्हणाल्या काढा काय काढायचंय ते. विचारूनच काढा, हे लोक कामावर आलेत आणि आपण त्यांच्या कामात मध्ये मध्ये करत असतो. गेटवर पण आधी परवानगीचं विचारून घ्या.

ही गोदी मुळात मासळीसाठी नव्हती. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, युरोपचा रस्ता एकदम जवळ आला आणि मुंबईचा कापूस धडाधड बाहेर जायला लागला. पण तेव्हा मोठी जहाजं खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माल छोट्या होड्यांतून न्यावा लागायचा, कारण इथे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, ओहोटीला नुसता चिखल. मग बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांचा मुलगा अल्बर्ट ससून याने १८७५ मध्ये समुद्रात भर टाकून ही गोदी बांधली, भरतीचं पाणी आत घ्यायचं, दरवाजा लावायचा, जहाज आत तरंगत राहतं, माल थेट धक्क्यावर. पश्चिम भारतातली अशी पहिली गोदी. पुढे कापूस दुसरीकडे गेला, मासळी आली. कोळी मात्र ह्या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून ह्या बेटांवर होते, कापसाच्या आधी, ससूनच्या आधी, इंग्रजांच्याही आधी.

मासळी कमी झालीय हे इथे ज्याला त्याला विचारा, सांगेल. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा येऊ नका.

(दृश्य: ऊन, कबुतरं, गेटवे)

गेटवे ऑफ इंडिया. आता इथे काय सांगायचं, सगळ्यांच्या घरी फोटो आहे. एक गंमत सांगतो फक्त. ज्या राजासाठी ही कमान, तो पंचम जॉर्ज १९११ च्या डिसेंबरमध्ये आला आणि त्याला बघायला मिळालं पुठ्ठ्याचं मॉडेल! पायाभरणी १९१३ ला, काम संपून उद्घाटन १९२४ ला. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी ह्याच कमानीखालून बोटीत बसून गेली. समोर शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे, बरेच जण त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात, असं करू नका राव.

लाँचचं तिकीट काढा, घारापुरीला साधारण तासभर लागतो. सोमवारी लेणी बंद, हे विसरून आलेली माणसं दर सोमवारी इथे भेटतात. शक्यतो थंडीत या, कारण मग हे दिसतं...

(दृश्य: लाँचच्या मागे सीगल, आवाज तसाच राहू द्या)

डावीकडे नौदलाची जहाजं, तिकडे कॅमेरा नेत नाही, नेऊही नये. त्याच भिंतीमागे जुनी गोदी आहे जिथे सुरतेहून आलेल्या वाडियांनी सागवानी जहाजं बांधली, त्यातलं १८१७ चं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. सागवान मलबारचं, कारागीर इथले, आणि ते बघायला आपण जायचं इंग्लंडला.

घारापुरी. धक्क्यावर छोटी ट्रेन आहे, बसा नाहीतर चाला, मग पायऱ्या. मुख्य लेण्यात पोचलात की आधी दोन मिनिटं नुसते थांबा, डोळे अंधाराला सरावू देत, मग समोर सदाशिव, तीन मुखं, जवळजवळ वीस फूट उंच. मधला चेहरा डोळे मिटलेला. इथे आम्ही बोलणं बंद ठेवलंय.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी ह्या बेटाला एलिफंटा म्हटलं तो हत्ती आता इथे नाहीच, तो भायखळ्याला, राणीच्या बागेत. आणि बेटावर तीन गावं आहेत, राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर. समोर मुंबई रात्रभर झगमगते आणि इथे कायमची वीज आली २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. जेवण गावातल्या बाईंकडे करा, ताटात तांदळाची भाकरी आणि सुकट असेल तर नशीब तुमचं.

(दृश्य: दुपारनंतर, शिवडी, चिखल)

परत येऊन शिवडी. ते गुलाबी ठिपके फ्लेमिंगोंचे, आमच्या लेन्समध्ये एवढेच आले, तुम्ही भरती-ओहोटीची वेळ बघून या. साधारण डिसेंबरपासून मे पर्यंत असतात. मागे अटल सेतू, २१.८ किलोमीटर, जानेवारी २०२४ ला सुरू झाला.

(दृश्य: भाऊचा धक्का, संध्याकाळ)

आणि हा भाऊचा धक्का. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, त्यांनी हा धक्का बांधला, आणि मुंबईत एवढी नावं बदलली पण ह्या भाऊंचं नाव लोकांनी सोडलं नाही. कोकणातला चाकरमानी बोटीने यायचा तो इथे, ट्रंक डोक्यावर, आंब्याची पेटी खांद्यावर. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, इथून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. इथून जवळच व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ ला दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले.

आज इथून मोरा, रेवसची लाँच मिळते, मांडव्याला २०२० पासून रो-रो आहे, गाडी घेऊन आत शिरायचं आणि वर डेकवर चहा घेत बसायचं, अलिबागवाल्यांची मजा आहे.

पण आम्ही रो-रो सोडून ह्या बाजूला आलो. बर्फाच्या लाद्या मशिनमध्ये टाकतात, चुरा नळकांड्यातून खाली बोटीच्या पोटात. डिझेल भरलं, पाण्याचे कॅन, तांदूळ, कांदे, बटाटे. आठवडाभर, कधी दहा-बारा दिवस. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याने, इंजिन चालू केलं, दोर सोडला, मागच्या पोराने कॅमेऱ्याकडे बघून हात केला.

(दृश्य: बोट बाहेर पडतेय. इथून पुढे फक्त इंजिनचा आवाज, निवेदन नाही)