तू होतास का तिथे?

(पडद्यावर : शाळेचा वर्ग, करकरणारे पंखे. फळ्यावर खडूने लिहिणारा हात.)

एप्रिलमधला रविवार. सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि नाशिकरोडच्या या शाळेत आत्ताच उकडायला लागलंय. दहावीचा शेवटचा पेपर होऊन महिना उलटला. निकाल अजून लांब आहे. या मधल्या दिवसांत पोरं काय करतात? झोपतात, क्रिकेट खेळतात, मामाकडे जातात, नाहीतर कामाला लागतात. त्यातलीच सत्तर-ऐंशी पोरं आज पुन्हा बाकांवर येऊन बसलीत. निबंध लिहायला.

फळ्यावर विषय पडतो : ‘मला जमतं असं एक काम’.

मागच्या बाकावरून हात वर होतो. “सर, मुद्दे नाही दिले?”

“नाही दिले.”

“मग सुरुवात कशी करायची?”

सर हसतात आणि खिडकीशी जाऊन उभे राहतात.

(पडद्यावर : जुनी वही. पिवळी पडलेली पानं, कडेला पेन्सिलीतली बारीक अक्षरं.)

ही स्पर्धा एका बाईंच्या स्मरणार्थ चालते. बाईंचं नाव या फिल्ममध्ये येणार नाही. त्यांच्या मुलांनी घातलेली ती एकच अट. “कॅमेरा आणा, चहा घ्या, पण आईच्या हार घातलेल्या फोटोवर जाऊ नका.”

बाई मराठी शिकवायच्या. यजमान प्रेसमध्ये कामाला. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की नोटांचा छापखाना, वेगळं सांगावं लागत नाही. रविवारी बाई चार-पाच पोरांना सिटी बसमध्ये घालून टिळकपथावर सार्वजनिक वाचनालयात न्यायच्या. हे वाचनालय १८४० सालचं. पोरांना त्याचं काही नव्हतं. परतीच्या वाटेवर भेळ मिळायची, म्हणून ती जायची.

ही वही त्यांच्या एका विद्यार्थ्याची. आज सातपूरला त्याचं गॅरेज आहे. वही त्याने जपून ठेवली असं म्हणणं धाडसाचं होईल, माळ्यावर राहून गेली इतकंच. आठवीतला निबंध आहे. ‘सूर्याने आपली सोनेरी किरणे धरतीवर पसरली होती. पक्षी किलबिलाट करीत होते.’ शेजारी बाईंची पेन्सिल : ‘कोणते पक्षी?’ आणि त्याखाली : ‘तू होतास का तिथे?’

तो सांगतो, “मी आठ वाजेपर्यंत झोपायचो. बाईंना ते कसं कळायचं, कोण जाणे.”

बाई निबंधाला मार्क द्यायच्या नाहीत. प्रश्न विचारायच्या. पोरगं चिडायचं, पुन्हा लिहायचं. पालक तक्रार घेऊन यायचे की शेजारच्या तुकडीला ‘छान’ असा शेरा मिळतो, आमच्याला का नाही.

मला त्या पालकांचं फारसं चूक वाटत नाही. दहावीच्या मराठीच्या पेपरात निबंधाला ८ गुण. पेपर पुरा करायचा, वेळ राखायचा आणि ते आठ गुण पदरात पाडून घ्यायचे, तर गाइडमधला निबंध पाठ करणं हा शहाणपणाच म्हणायचा. मीही तेच केलं होतं. बाहेर मार्चचं ऊन तापलेलं आणि मी आत बसून ‘पावसाळ्यातील एक दिवस’ घडाघडा उतरवून काढला. गुण चांगले पडले.

(पडद्यावर : बँकेची ठेव पावती, रक्कम झाकलेली. रजिस्टरमधल्या शाईच्या नोंदी.)

नव्वदच्या दशकात बाई गेल्या. त्यांच्या ग्रॅच्युइटीतला एक हिस्सा मुलांनी बँकेत ठेवला. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून दरवर्षी या स्पर्धेतून निवडलेल्या, दहावी झालेल्या दोघांना पुढच्या शिक्षणाला मदत करायची, असं ठरलं.

ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. जगन्नाथ शंकरशेट १८६५ मध्ये गेले. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या पोरांचं स्वप्न होती. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी पटकावली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांच्या सहीच्या नोटा छापल्या गेल्या या नाशिकरोडच्या प्रेसमध्येच. बाई हा किस्सा दरवर्षी सांगायच्या. प्रेस कामगारांची पोरं समोर असताना का नाही सांगणार!

पण व्याजाचं गणित मोठं वाईट. तेव्हा बँका १२-१३ टक्के देत होत्या. लाखाला वर्षाचे बारा हजार सुटायचे. आज दर ६-७ टक्क्यांवर आहेत. तोच लाख आता सहा-साडेसहा हजार देतो आणि मेसचा डबा मात्र तिथेच थांबलेला नाही. स्मृतिनिधी, स्मृतिचषक, स्मृतिपारितोषिकं अशी गावोगावी शेकड्याने सुरू होतात आणि दहा-पंधरा वर्षांत ‘पुस्तक व प्रमाणपत्र’ यावर येऊन ठेपतात, ती यामुळेच. इथे तेवढं झालं नाही, कारण जुने विद्यार्थी दर दिवाळीला ठेवीत भर घालतात. कोणी पाचशे, कोणी पाच हजार. गॅरेजवाल्याने एकदा एका गाडीच्या इंजिनकामाचे सगळे पैसे दिले. गाडी कोणाची होती, ते तो सांगत नाही.

पैसे रोख देत नाहीत. मुलाच्या खात्यावर दोन वर्षं, चार हप्त्यांत जमा होतात. अकरावीची फी हा त्यातला लहान खर्च. खोली, जेवण, पुस्तकं हा खरा. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. तेव्हापासून हीच मंडळी जूनमध्ये लॅपटॉप घेऊन बसतात आणि पोरांचे पसंतीक्रम भरून देतात. ते काम स्पर्धेच्या पत्रकात कुठेच लिहिलेलं नाही.

(पडद्यावर : टेबलावर निबंधांचे गठ्ठे. चष्मे. पोह्यांच्या बश्या.)

सुरुवातीला निबंध पोस्टाने यायचे. विषय महिनाभर आधी जाहीर व्हायचा. पुढे गठ्ठ्यात एकच निबंध अकरा जणांच्या अक्षरात सापडायला लागला. आणखी पुढे मोबाइल आला आणि निबंध फारच सुरेख यायला लागले. मग नियम बदलला. यायचं, बसायचं, दोन तास, स्वतःच्या हाताने.

तपासताना नावाचं पान फाडून वर नंबर टाकतात. प्रत्येक निबंध दोघं जण वाचतात. पन्नासात दहापेक्षा जास्त फरक पडला, तर तो तिसऱ्याकडे जातो. जेलरोडच्या एका घरात हे तीन रविवार चालतं, आणि या फिल्मसाठी मी जे काही पाहिलं त्यात मला सगळ्यात आवडले ते हे तीन रविवार.

एका मुलाने पंक्चर काढण्यावर लिहिलंय. एकाने कांदा निवडण्यावर, गोल्टी म्हणजे बारका कांदा वेगळा काढताना डोळ्यांपेक्षा तळहाताला आधी कळतं म्हणून. एका मुलीने लिहिलंय की तिला आजोबांना न दुखवता दाढी करून देता येते.

रामकुंडाजवळ एका मुलाच्या घरचं दुकान आहे, दशक्रियेच्या सामानाचं. त्याने लिहिलंय : ‘आमच्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची नसते. तो भाव विचारतो पण ऐकत नसतो. बाबा म्हणतात, अशा माणसाला सुट्टे पैसे हातात मोजून द्यायचे, नाहीतर तो तसाच निघून जातो.’

खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग कोणीतरी पोह्यांवर लिंबू पिळलं आणि पुढचा निबंध उघडला.

आणि मग नंबर ४३.

(पडद्यावर : द्राक्षबाग. क्रेट, कात्र्या, कामाला लागलेली टोळी.)

दिंडोरी, निफाडकडे जानेवारी ते एप्रिल द्राक्षकाढणी चालते. सुरगाणा, पेठच्या डोंगरातून माणसं टोळ्यांनी या बागांत कामाला उतरतात. बोर्डाची परीक्षा नेमकी याच दिवसांत येते. पेपर संपले की पोरंही आईबापांमागे बागेत येतात. ४३ नंबरची मुलगी त्यातलीच. आश्रमशाळेतले तिचे सर बाईंचे विद्यार्थी, त्यांनीच तिला स्पर्धेला आणून बसवलं.

ती लिहिते : ‘आमी घडाला हात लावत नाही. देठ धरतो. मण्यावर पांढरी पावडर राहते ती बोटाने पुसली तर शेट ओरडतो. माझी आई दिवसभर घड तोडते आणी तिने एक पण मणी धरलेला नाही.’

पहिल्या परीक्षकांनी ३२ दिले. दुसऱ्या ताईंनी ४६.

भांडण ‘आमी’ आणि ‘आणी’वरून. बत्तीस देणारे सर निवृत्त मुख्याध्यापक. शुद्धलेखनाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ आले आणि हे अठराच्या अठरा सरांना झोपेतून उठवून विचारले तरी येतात. ते म्हणतात, “भावना मलाही कळतात हो. पण उद्या ही पोरगी अर्ज लिहील तेव्हा तिथे कोण खपवून घेणार? आपण टाळ्या वाजवायच्या आणि ठेच तिने खायची?”

ताई म्हणतात, “सर, ती लिहायचीच बंद झाली तर अर्जाचा प्रश्नच मिटला.”

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा याच घरात पेढे वाटले गेले आणि सगळ्यांचं एकमत होतं. ‘आणी’ने मात्र अख्खा रविवार खाल्ला. निबंध तिसऱ्याकडे गेला. त्यांनी तो दोन दिवस ठेवून घेतला आणि ४५ देऊन परत पाठवला. सर म्हणाले, “मान्य नाही, पण नियम म्हणजे नियम.”

(पडद्यावर : जून. पावसाने भिजलेलं शाळेचं मैदान, दारात चपलांचा ढीग.)

बक्षीस समारंभ. पाहुणे नाहीत, शाल-श्रीफळ नाही, भाषण एकच आणि तेही चार मिनिटांचं. भाग घेतलेल्या प्रत्येकाला त्याचा निबंध परत मिळतो. कडेला पेन्सिलीत प्रश्न. ‘पंक्चर शोधायला पाणी नसेल तर?’ ‘आजोबा तेव्हा काय बोलतात?’ सगळीकडे पानं उलटल्याचा आवाज. बक्षीस न मिळालेली पोरंही बराच वेळ कडेचं वाचत बसलेली.

४३ नंबरवाली उशिरा आली. सुरगाण्याहून एसटी, त्यात घाटात पाऊस. सोबत आई. पहिला नंबर म्हटल्यावर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. उठावं कोणी, हेच आधी ठरेना.

नंतर चहा सुरू असताना ती पोरगी आपला निबंध हातात घेऊन मुख्याध्यापक सरांना शोधत आली. ‘आणी’खाली पेन्सिलीची रेघ होतीच, पण तिचं बोट दुसऱ्याच ओळीवर होतं. तिथे सरांनी लिहिलं होतं : ‘देठ कोणत्या बोटांनी धरायचा?’

“सर, हे तुम्ही लिहिलं?”

“हो. मला खरंच माहीत नाही.”

तिने इकडेतिकडे पाहिलं. मग सरांच्या खिशातली पेन्सिल मागून घेतली, ती टोकाला दोन बोटांत धरून उभी लोंबती ठेवली आणि दुसऱ्या हाताची कात्री केली. आई मागून म्हणाली, “अगं, अंगठा वर.” पोरीने अंगठा वर घेतला.

सरांनी चहाचा कप खिडकीत ठेवला आणि हात पुढे केला. “थांब. मला करू दे.”