टॅपेटम: परागकण घडवणारा थर

[दृश्य: तंबाखूचं गुलाबी फूल, आतले पाच पुंकेसर]

तंबाखूच्या फुलात पाच पुंकेसर असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला एक परागकोश. कळी अगदी कोवळी असतानाच या कोशात निरनिराळ्या ऊती तयार होतात. बाहेरचं आवरण, मधली जोडऊती, कोश पुढे जिथे उकलणार ती कड, आणि परागकणांना चहूबाजूंनी वेढणारा पेशींचा थर. या थराचं नाव टॅपेटम.

या सगळ्या पेशींत जनुकं तीच आहेत. कुठलं जनुक कुठल्या ऊतीत आणि केव्हा जागं होतं, त्यावर प्रत्येकीचं काम ठरतं.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली परागकोशाचा आडवा छेद]

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉबर्ट गोल्डबर्ग यांच्या गटाने ही जागी जनुकं मोजली. अंदाज निघाला सुमारे २५ हजारांचा. त्यातली १० हजारांच्या आसपास झाडाच्या इतर अवयवांत आढळेनात! मग १९९० मध्ये त्यांनी काही जनुकांचे नेमके पत्ते शोधले. कोशाचे पातळ छेद घ्यायचे आणि जनुकाच्या आरएनएला, म्हणजे जागं जनुक आपली जी प्रत बनवतं तिला, बरोबर चिकटेल असा किरणोत्सारी रेणू त्यांवर सोडायचा. जिथे आरएनए, तिथे खूण. टीए५६ नावाच्या जनुकाची खूण आधी कडेलगतच्या छोट्या पुंजक्यात दिसली, पुढे कडेत आणि जोडऊतीत. टीए२९ या दुसऱ्या जनुकाची मात्र टॅपेटममध्येच.

[दृश्य: टॅपेटमचा थर, आत वाढणारे परागकण]

टॅपेटम ही परागकणांची दाई. चार-चारच्या गटात अडकलेले कोवळे कण तिच्या विकरांमुळे सुटे होतात. त्यांचं पोषण तीच करते, त्यांच्या कणखर कवचासाठी लागणारा मालही तीच पुरवते. काम झालं की तिच्या पेशी ठरल्या वेळी मरतात. हे मरण लवकर आलं, तर पराग वांझ राहतो.

हे पारखण्याची रीत मला विलक्षण वाटते. त्याच वर्षी बेल्जियममधल्या शास्त्रज्ञांनी गोल्डबर्ग यांच्या गटासोबत टीए२९चा नियंत्रक भाग, म्हणजे जनुक कुठे जागं व्हायचं ते ठरवणारा तुकडा, घेतला आणि एका जिवाणूच्या बार्नेज या जनुकाला जोडला. बार्नेज आरएनएचे तुकडे करतं, म्हणजे पेशीचा अंतच. तरीही झाडं नेहमीसारखी वाढली, फुलली. फक्त टॅपेटम नष्ट झाला, आणि पराग आलाच नाही.

[दृश्य: फुललेलं मोहरीचं शेत]

मोहरीचं फूल स्वतःच्याच परागाने फळू शकतं. हजारो फुलांतले परागकोश हाताने काढणं अशक्य, म्हणून संकरित बियाण्याला असं परागहीन झाड हवं. दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल यांच्या गटाने वरुणा वाणात बार्नेज घातलं. दुसऱ्या वाणात घातलं बार्स्टार, बार्नेजला जखडून ठेवणारं प्रथिन बनवणारं जनुक. दोघांच्या संकरातून डीएमएच-११ ही जनुकबदल केलेली संकरित मोहरी झाली. तिच्यात पराग पुन्हा तयार होतो.

ती शेतात लावू द्यावी की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२४ मध्ये तिथल्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. वाद व्हायलाच हवेत. त्यात बोलणाऱ्या प्रत्येकाने टॅपेटमचा हा छेद एकदा तरी पाहावा, असं मला मनापासून वाटतं.