बकेट संपवू नका, बॉल वाचा

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय गोल्फच्या स्विंगबद्दल, पण सुरुवात मी बॉलपासून करणार आहे, कारण इतकी वर्षं शिकवताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसलीये. माणूस रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, किती बॉल मारतो यावर त्याचं सुधारणं अवलंबून नसतं, प्रत्येक बॉल मारल्यावर त्याला काय कळलं यावर असतं. बकेट, म्हणजे बॉलची बादली घ्यायची, एकामागून एक ठोकत सुटायचं, घामाघूम होऊन घरी जायचं, यात व्यायाम छान होतो, पण स्विंगमध्ये खोट असेल तर तीच खोट घोटून घोटून पक्की होते.

क्लब, म्हणजे आपली काठी, आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात तो वेळ साधारण अर्धा मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचे 2000 तुकडे केले तर त्यातला एक. हाताला झटका जाणवतो तोपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. त्यामुळे "मला तर बरोबर लागल्यासारखा वाटला" यावर फार विसंबू नका. पुरावा बघा, तो फुकट मिळतो.

स्लाइसचंच घ्या, इथल्या निम्म्या लोकांचा तोच त्रास असणार. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल डावीकडे निघतो आणि वळत वळत उजवीकडे झाडीत जातो. पूर्वी सर्रास शिकवायचे की क्लब ज्या दिशेने फिरला त्या दिशेने बॉल निघतो आणि फेस, म्हणजे क्लबचा बॉलला लागणारा सपाट भाग, जिकडे बघतोय तिकडे वळतो. डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनसारखी रडार मशीन आली आणि स्पष्ट झालं की हे जवळजवळ उलटं आहे, बॉल निघतो तो मुख्यतः फेस जिकडे बघतोय तिकडे, ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबला, तर साधारण 85 टक्के फेसचाच वाटा, आणि वळतो तो फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यात जो फरक पडतो त्यामुळे. म्हणजे डावीकडे निघून उजवीकडे वळला तर फेस टार्गेटच्या डावीकडेच होता, पण क्लबचा मार्ग त्याहूनही डावीकडे, बाहेरून आत येणारा. आता आपण काय करतो? बॉल उजवीकडे जातोय म्हणून पाय आणि खांदे आणखी डावीकडे वळवून उभे राहतो, मार्ग आणखी डावीकडे जातो, बॉल आणखी वळतो, आणि वर्षानुवर्षं हे चक्र चालूच राहतं. बॉल कुठे निघाला आणि कुठे वळला या दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायची सवय लावली तर तुमचं अर्धं निदान तुम्हीच कराल.

पण थांबा, त्याच्याही आधी एक गोष्ट तपासायची. पायांना मारायचा पावडरचा स्प्रे मेडिकलमध्ये मिळतो, तो ड्रायव्हरच्या फेसवर हलकासा मारा. पातळ पांढरा थर बसतो आणि बॉल मारला की त्यात गोल ठसा उमटतो, नीट बघितलं तर डिंपलसुद्धा दिसतात. ठसा मधोमध आला तर उत्तम. हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला आला तर क्लबचं डोकं आदळताना किंचित फिरतं आणि बॉलला त्याच्या उलट दिशेची फिरकी देतं, आणि बॉल उजवीकडे वळतो, मार्ग अगदी सरळ असला तरी! माझ्याकडे एक काका यायचे, ग्रिप बदलून झाली, स्टान्स, म्हणजे उभं राहायची पद्धत, बदलून झाला, स्लाइस जाईना. पावडर मारली तर सगळे ठसे हीलला चिकटलेले. ते बॉलच्या फार जवळ उभे राहत होते. थोडे मागे सरकले, ठसे मधे यायला लागले आणि निम्मी स्लाइस तिथेच गेली, स्विंगला हात न लावता.

आयर्नला, म्हणजे पातळ धातूच्या डोक्याच्या क्लबला, जमीन बघायची. चांगला खेळाडू आधी बॉल घेतो आणि मग माती, त्याचा डिव्हट, म्हणजे गवत उखडल्याचा खड्डा, बॉलच्या पुढे पडतो. गवतावर चुन्याची एक रेघ ओढा, बॉल न ठेवता रेघेवर स्विंग करा आणि गवत कुठे कापलं गेलं ते बघा. रेघेच्या मागे कापलं जात असेल तर खऱ्या कोर्सवर बॉल अर्ध्यात पडणार. रेंजवरच्या कृत्रिम गवताच्या मॅटवर हे लपतं. मॅटला क्लब आधी लागला तरी घसरून पुढे जातो आणि बॉल बऱ्यापैकी उडतो, आपण खूश, आणि रविवारी फेअरवेवर, म्हणजे कोर्सच्या कापलेल्या गवतावर, गेलो की तोच स्विंग मातीत रुततो. मला मॅटचा राग याच्यासाठी येतो. मॅटशिवाय सोय नसेल तर निदान बॉलच्या मागे चार बोटांवर टॉवेलची घडी ठेवा, ती क्लबला लागली नाही पाहिजे.

आता याचीच दुसरी बाजू. फीडबॅक चांगला म्हणून प्रत्येक बॉलनंतर स्क्रीनकडे बघायचं, प्रत्येक स्विंगचा व्हिडिओ काढायचा, कोचने प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचं, हेही नुकसान करतं. 1990 मध्ये विन्स्टीन आणि श्मिट या संशोधकांनी प्रयोग केला होता, एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला, दुसऱ्याला साधारण निम्म्याच वेळा, आणि नंतर परीक्षा घेतली तेव्हा निम्म्या वेळा ऐकणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. कारण मधल्या बॉलना त्यांना स्वतःच अंदाज बांधावा लागला. म्हणून आधी स्वतः बोला, "हा टोला, म्हणजे शाफ्टपासून लांबच्या टोकाला लागला, उजवीकडे निघाला असणार," आणि मग बघा. अंदाज आणि पुरावा जुळायला लागले की समजा तुम्ही शिकताय.

आणि एकच क्लब घेऊन एकाच झेंड्याकडे पन्नास बॉल मारू नका. पाढे ओळीने म्हणणारा पोरगा मधूनच कोणी "सात नव्वे किती" विचारलं की अडखळतो, तसंच होतं. 1979 च्या शे आणि मॉर्गन यांच्या प्रयोगात हेच दिसलं, एकच हालचाल सलग करणारे सरावात भराभर पुढे गेले पण दहा दिवसांनी उलटसुलट क्रमाने सराव केलेले सरस ठरले. म्हणून ड्रायव्हर, मग सात नंबरचं आयर्न, मग जवळच्या शॉटचा वेज, प्रत्येक वेळी नवं टार्गेट, मागे जाऊन परत उभं राहायचं. रेंजवर तुम्ही वाईट दिसाल. दिसू द्या.

मोठ्या खेळाडूंकडे बघताना काय बघायचं? जिम फ्युरिकचा क्लब वर जाताना एकीकडून जातो आणि खाली येताना मोठा लूप घेऊन दुसरीकडून येतो, डस्टिन जॉन्सनचं डावं मनगट वर गेल्यावर पार वाकलेलं असतं, दोघांनी यूएस ओपन जिंकलं, 2003 आणि 2016 मध्ये, आणि फ्युरिकने तर 2016 मध्ये पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धांत, 58 फटक्यांत पूर्ण राउंड खेळला. वरचं रूप बघून नक्कल केली तर फसाल. बघायचं ते इम्पॅक्ट, म्हणजे क्लब बॉलला लागतो तो क्षण. आयर्न मारताना दोघांचेही हात बॉलच्या पुढे असतात आणि वजन डाव्या पायावर आलेलं असतं. दुसरं बघायचं ते टेम्पो, म्हणजे स्विंगची लय. उत्तम खेळाडूंमध्ये वर जायला लागणारा वेळ आणि खाली यायला लागणारा वेळ साधारण तीनास एक असतो. आपल्याकडे "हळू, हळू" असं सांगून लोकांचा बॅकस्विंग इतका लांबवतात की खाली येताना सगळं विस्कटतं, हे मला अजिबात पटत नाही.

आपल्याकडचं उदाहरण चौरसियांचं. एसएसपी चौरसियांचे वडील रॉयल कलकत्ता क्लबमध्ये ग्रीनकीपर होते, पोरगा तिथेच वाढला, बघून बघून स्वतःच शिकला, आणि 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. रोज डोळ्यासमोर माणसं खेळताना बघायची, लगेच करून बघायचं, ही शाळा कुठल्या अॅपमध्ये नाही मिळत. चांगला प्रो रेंजवर असेल तर तुमचा क्लब खाली ठेवा आणि पंधरा मिनिटं त्याच्या बॉलकडे, पायांकडे बघा.

मागून प्रश्न आलाय, साठीनंतर स्विंग बदलावा का. बघा, टायगर वुड्सने 1997 चं मास्टर्स 12 शॉट्सनी जिंकलं आणि त्यानंतर कोचबरोबर स्विंग नव्याने बांधायला घेतला. 1998 मध्ये पीजीए टूरवर त्याच्या नावावर एकच विजय. मग 2000 चं यूएस ओपन 15 शॉट्सनी. एवढं मागे जाऊन परत यायला वेळ आणि शरीर दोन्ही लागतं, साठीनंतर मी सगळा स्विंग उलगडायला सांगणार नाही. पण बॉल हलायच्या आधीच्या गोष्टी, ग्रिप, बॉलची जागा, किती लांब उभं राहायचं, या कुठल्याही वयात बदलतात. ग्रिप तर घरी टीव्ही बघतानाही. क्लब हातात धरा, सोडा, परत धरा, रोज पाच मिनिटं. पहिले काही आठवडे हात परका वाटेल, बॉल वाकडे जातील, तेवढे दिवस स्कोअर लिहू नका आणि मित्रांशी पैज लावू नका.