बदामाची नऊ पानं

[टेबल वरून दिसतं. मध्ये तीन पानं उघडी, दोन जागा रिकाम्या.]

हा टेक्सास होल्डेम पोकरचा डाव आहे: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मध्ये दोघांच्या सामाईक पाच, आणि या सातांतली सर्वांत भारी पाच पानं ज्याची, तो जिंकतो. दोघांनीही आपल्या सगळ्या चिप्स मध्ये सारल्या आहेत. आता चाल वाढवणं नाही, चेहरे वाचणं नाही. पानं उताणी पडली आहेत. एकाकडे दोन एक्के, इस्पिक आणि चौकट. दुसऱ्याकडे बदाम राणी आणि बदाम छक्की. मध्ये बदाम राजा, बदाम नव्वी, किलवर दुर्री. अजून दोन पानं यायची आहेत, आणि पडद्याच्या कोपऱ्यात जिंकण्याच्या शक्यतेचे आकडे उमटतात: एक्केवाला ६३ टक्के, राणीवाला ३७.

हे आकडे संगणक क्षणात काढतो. पण ते कागदावरही निघतात, आणि एकदा तरी हाताने काढून बघावेत.

[कोरा कागद, पेन्सिल.]

५२ पैकी सात पानं दिसली, उरली ४५. त्यांतून दोन पानांच्या जोड्या होतात ९९०. या डावाला इतकेच शेवट आहेत. एकही जास्त नाही.

राणीवाल्याचे चार बदाम झालेत. पाचवा आला की फ्लश, म्हणजे पाचही पानं बदामाची, आणि एक्क्यांची जोडी हरली. बदाम सात खेळत मोठे झालेल्यांना विचारावं लागत नाही: तेरातून चार गेले, गठ्ठ्यात नऊ उरले. बदाम नसलेली पानं ३६, त्यांच्या आपसातल्या जोड्या ६३०. उरलेल्या ३६० जोड्यांत एक तरी बदाम आहेच.

बरेच जण इथेच पेन्सिल खाली ठेवतात. पण समजा, बदाम दुर्री आली आणि पाठोपाठ आणखी एक दुर्री. मध्ये तीन दुर्ऱ्या झाल्या, त्यांना दोन एक्के जोडले की समोरच्याचं फुल हाउस, आणि हातात आलेला फ्लश हरला! बदाम एक्क्यासोबत एखादा राजा आला तरी तेच. अशा जोड्या एकेक मांडत गेलं की १३ भरतात. राहिल्या ३४७.

मग काही जोड्या बदामाशिवायही तारून नेतात. गुलाम आणि दश्शी आली, तर नव्वीपासून राजापर्यंत रांग लागते. दोन राण्या, दोन छक्क्या, किंवा दोन्हींतली एकेक आली तरी एक्के मागे पडतात. अशा २४. बेरीज ३७१. भागिले ९९०: साडेसदतीस टक्क्यांना जरासं कमी.

[जुन्या हस्तलिखिताचं पान, मेणबत्तीचा उजेड.]

ही रीत पोकरहूनही जुनी आहे. १६५४ साली पॅरिसमध्ये ब्लेझ पास्कल आणि तुलूझमध्ये पिएर द फर्मा हे दोन फ्रेंच गणिती पत्रांतून एकाच प्रश्नावर झटत होते: डाव अर्धवट राहिला, तर मधले पैसे कसे वाटायचे? एकाला जिंकायला दोन फेऱ्या हव्यात, दुसऱ्याला तीन. फर्माने सुचवलं, उरलेल्या चार फेऱ्या पूर्ण खेळल्या असं धरा. शेवट होतात १६. पहिला ११ मध्ये जिंकतो, दुसरा ५ मध्ये. पैसे त्याच प्रमाणात वाटा. न घडलेले डाव मोजून घडत असलेल्या डावाचं मोल ठरवायचं, हा विचार मला आजही थक्क करतो. संभाव्यतेचं गणित या पत्रांतून उभं राहिलं.

टेबलावर एवढा वेळ मिळत नाही. खेळणारे नऊला चाराने गुणतात, छत्तीस म्हणतात. एकच पान उरलं असेल तर दोनाने. अंदाज चांगला येतो. समोरची पानं झाकलेली असतात तेव्हा न दिसलेली पानं ४७ धरायची, आणि फ्लशची शक्यता ३५ टक्के निघते.

[पुन्हा टेबल.]

चौथं पान: चौकट पंजी. बदाम नाही. उरली ४४ पानं. आता एका पानात रांग लागत नाही की दोन जोड्या होत नाहीत. उपयोगाची फक्त बदामाची नऊ. राणीवाल्याचा आकडा ३७ वरून २० वर येतो. तो उभा राहिलाय, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर.

पाचवं पान: किलवर चौकी.

राणीवाला हात पुढे करतो, समोरचा तो हातात घेतो. ४४ पैकी ३५ पानं अशीच होती.